रेनकोटच्या टोपीत

रंगनाथ सर : झाकण उघडू नकोस. आधी पंखा आणि दिवा बंद कर. हं, आता ठेव टेबलावर. त्या पेपरवर ठेव, शब्दकोडं सुटलंय माझं.

पूर्णिमा : सर, झाकणाला भोकं पाडलीत मी. सुईने.

रंगनाथ सर : उपकार झाले. श्रीखंडाचा डबा दिसतोय.

पूर्णिमा : स्वच्छ धुतला होता, सर.

रंगनाथ सर : कशाने?

पूर्णिमा : ...साबणाने.

रंगनाथ सर : बेडूक कातडीने श्वास घेतो आणि पाणीही कातडीनेच पितो, हे कॉलेजात कोण शिकवतं तुम्हाला? मी की श्रीखंडवाले?

पूर्णिमा : नंतर चांगला विसळला ना, सर. प्लीज, आधी बघा तरी. जिवंत आहे ना तो? सकाळपासून हललेला नाहीये.

रंगनाथ सर : ती बॅटरी दे इकडे. ...आहे, जिवंत आहे. झुडपी बेडूक, नर. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, आणि घाटातल्या जंगलातून शनिवार पेठेत आलाय. आता नीट सांग. फोनवर नुसती रडलीस, मला कळलं काहीच नाही.

पूर्णिमा : रेनकोटच्या टोपीत होता. शिबिराहून आल्यावर मी फ्लॅटवर बाथरूममध्ये रेनकोट वाळत टाकला, तर टोपीतून टपकन खाली पडला. मला वाटलं पान आहे. मग पान चालायला लागलं.

रंगनाथ सर : कधीची गोष्ट?

पूर्णिमा : मागच्या रविवारची.

रंगनाथ सर : म्हणजे आठवडाभर तू माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसून उभयचरांवर टिपणं काढलीस, आणि एक उभयचर तुझ्या बाथरूममध्ये होता.

पूर्णिमा : रोज ठरवायचे, आज सांगते. तुम्ही डस्टर ठेवलंत की उठायचे पण. मग वाटायचं, उद्या.

रंगनाथ सर : जंगलातून निघताना बसच्या दाराशी मी पांढरी चादर अंथरली होती. कशासाठी?

पूर्णिमा : बॅग, बूट, रेनकोट, सगळं झटकायला. जंगलातलं काही आपल्याबरोबर येऊ नये म्हणून.

रंगनाथ सर : मी प्रत्येकाला विचारलं. तुलाही विचारलं.

पूर्णिमा : मी म्हटलं, झटकलं, सर.

रंगनाथ सर : आणि?

पूर्णिमा : नव्हतं झटकलं. रेनकोट बॅगेत कोंबून झाला होता. परत सगळं उपसावं लागलं असतं, आणि पोरं भराभर चढत होती. मला खिडकी हवी होती.

रंगनाथ सर : खिडकी.

पूर्णिमा : मला गाडी लागते, सर. ...नाही, खरं सांगते. गाडी वगैरे काही लागत नाही. घाटाचं रील काढायचं होतं.

रंगनाथ सर : निघालं का चांगलं?

पूर्णिमा : डिलीट केलं. टोमणे मारा, सर, मी सगळे ऐकून घेईन. मला फक्त एक सांगा, याला परत सोडता येईल ना? उद्या पहाटेच्या एसटीने जाते. आपण ज्या ओढ्याशी थांबलो होतो तिथेच सोडते आणि लगेच परत येते.

रंगनाथ सर : नाही.

पूर्णिमा : का पण?

रंगनाथ सर : खायला काय घातलंस त्याला?

पूर्णिमा : केळी पिकू दिली, त्यावर चिलटं आली, ती डब्यात सोडली. खाल्ली त्याने थोडी.

रंगनाथ सर : पाणी?

पूर्णिमा : आधी नळाचं. मग बाटलीचं.

रंगनाथ सर : साबण, नळाचं पाणी, चिलटं, शिवाय बाथरूममध्ये अजून काय काय असेल ते. यातलं काय त्याच्या कातडीला लागलंय हे मला माहीत नाही आणि तुलाही नाही. बुरशीच्या रोगाने बेडकांची अख्खी वस्ती कशी जाते, यावर तूच प्रेझेंटेशन केलंस. टाळ्याही मिळाल्या. आता हा तिकडे सोडलास आणि त्याच्याबरोबर तो रोग गेला, तर? याच्या जातीचे त्या डोंगराबाहेर कुठे नाहीत.

पूर्णिमा : पण नसेल काही तर? बहुतेक नसेलच.

रंगनाथ सर : बहुतेक. या शब्दावर मी अख्खा डोंगर पणाला लावत नाही.

पूर्णिमा : तो तिकडचा आहे, सर! इथे संध्याकाळ झाली की ओरडतो. टिक टिक टिक करतो, मग थांबतो. परत टिक टिक. कोणी उत्तरच देत नाही त्याला. मला ते ऐकवेना. म्हणून मी मोबाईलवर आपलं शिबिरातलं रेकॉर्डिंग लावायला लागले. याच्याच जातीचं, रात्रीच्या फेरीत केलेलं. इतका खूश व्हायचा, दुप्पट ओरडायचा. मी तास तासभर चालू ठेवायचे. निदान त्याला वाटेल, कोणी आहे आपलं.

रंगनाथ सर : पूर्णिमा, ते रेकॉर्डिंग कोणाचं आहे?

पूर्णिमा : नराचं. ओरडतात नरच.

रंगनाथ सर : मग?

पूर्णिमा : मग काय?

रंगनाथ सर : तो खूश नव्हता गं. आपल्या झुडपात दुसरा नर घुसलाय असं वाटून त्याला हाकलत होता. रोज तासभर, तेही अर्धपोटी.

पूर्णिमा : म्हणून आज हलत नाहीये. अरे देवा. मी त्याला बरं वाटावं म्हणून...

रंगनाथ सर : पाणी पी.

पूर्णिमा : नको.

रंगनाथ सर : पी म्हटलं. तू बेशुद्ध पडलीस तर मला दोन जीव सांभाळावे लागतील.

पूर्णिमा : ...आता काय करायचं, सर?

रंगनाथ सर : उद्या सकाळी वन खात्याला फोन करायचा आणि झालं ते सगळं सांगायचं. ते ठरवतील तोवर याला नीट टाकीत ठेवायचा. माझ्या मते आता इथेच राहील, जगेल तेवढे दिवस.

पूर्णिमा : आणि शिबिराची परवानगी?

रंगनाथ सर : जाईल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढून घेतली असती. मी विचारलं सगळ्यांना, पण टोपी उलटी करून कोणाचीच बघितली नाही. तेही सांगणार आहे मी.

पूर्णिमा : नका ना सांगू. माझ्यासाठी नाही म्हणत, माझं शेवटचंच वर्ष आहे. पण धम्मदीपचं काय? शिबिराच्या शेवटच्या जागेसाठी चिठ्ठीत नाव त्याचं निघालं होतं. मी रडले म्हणून त्याने जागा दिली मला. म्हणाला, मी दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या वेळी जाईन. त्याच्यासाठी तरी, सर. मी गुपचूप सोडून आले तर कोणाला कळणारही नाही.

रंगनाथ सर : त्याच्याआड लपू नकोस. बारीक आहे तो, तू मावणार नाहीस.

पूर्णिमा : त्याला काय तोंड दाखवू मी?

रंगनाथ सर : आहे तेच दाखव. येतोच आहे तो.

पूर्णिमा : इथे? का बोलावलंत?

रंगनाथ सर : लॅबमधली काचेची टाकी आणायला सांगितलीय, किल्ली त्याच्याकडे असते. कशाला हवी ते सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. ...बेल वाजली बघ. दार उघड.

धम्मदीप : घ्या सर, टाकी. रिक्षावाला रस्ताभर विचारत होता, मासे कुठं आहेत म्हणून. अरे, ताई, तू पण इथंच? अंधारात काय करून राहिले तुम्ही दोघं?

(डब्यातून आवाज येतो : टिक् टिक् टिक्.)

धम्मदीप : ...सर, हे घड्याळ नाही ना?

रंगनाथ सर : नाही.

धम्मदीप : थांबा, सांगू नका. झुडपी बेडूक! हाव ना? ताईनं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ऐकून ऐकून पाठ झालं मला. अरे बापा, खराखुरा? बघू? हात नाही लावत.

रंगनाथ सर : बघ. लांबून.

धम्मदीप : केवढासा आहे! आणि आवाज केवढा करून राहिला. भंडाऱ्याला घरी फोन करून सांगतो आज. सर, अभ्यासाला परवानगी काढून आणला ना तुम्ही? तिकडं तर असे झाडाझाडावर असतील. पुढच्या वर्षी मी रात्री झोपणारच नाही. ताई, मी बूट पण बघून ठेवले, गुडघ्यापर्यंतचे.

पूर्णिमा : धम्मदीप, परवानगी नव्हती.

धम्मदीप : म्हणजे?

पूर्णिमा : माझ्या रेनकोटमध्ये आला तो. निघताना मी काही झटकलं नाही आणि सरांना खोटं सांगितलं. आठवडाभर लपवून ठेवला. आता तो परत जाऊ शकत नाही. आणि शिबिरही... पुढच्या वर्षी शिबिर नसेल. तुझी जागा मी घेतली, आणि तुझी पुढची पण घालवली. माझ्यामुळे झालंय हे.

रंगनाथ सर : टाकी खाली ठेव, धम्मदीप. जड आहे.

धम्मदीप : हाव, सर. ...तळाला काय टाकू? माती की पाला?

रंगनाथ सर : दोन्ही नको. कागदी रुमाल ओला करून अंथर. आणि गॅलरीतल्या कुंडीतली एक फांदी आण.

पूर्णिमा : मी आणते.

धम्मदीप : नको. आणतो मी.

पूर्णिमा : धम्मदीप, काहीतरी बोल ना. शिव्या दे हवं तर.

धम्मदीप : हळू बोला, ताई. गप्प झाला तो.