पोरीकडचे कोण?

अरे, तुम्ही पोरापोरींची लग्नं जमवलीत, मी लोणावळ्यात हॉलंडवाले आणि हाँगकाँगचे चिनी यांची सोयरीक जुळवायला बसलो होतो! तेव्हा मी पुण्यातल्या एका आयात-निर्यातवाल्याकडे पत्रव्यवहार बघायचो. दोन्ही कंपन्यांना मीच हॉटेलात समोरासमोर बसवलं. छाती अशी फुगलेली! पण दोघेही नुसते गोड हसतायत, बोलत कुणीच नाही.

चहा देणारे आबा मूळचे जवळच्याच इंदुरी गावचे शेतकरी. कानाशी येऊन म्हणाले, "बघायचा कार्यक्रम हाय व्हय, सायेब? पोरीकडचे कोन?"

मी इंग्रजीत विचारलं, "घेणारे कोण?"

दोघांनीही झटकन बॅगा उघडल्या. दोन्हींतून पाण्याच्या पंपांची चित्रं निघाली! मी दोघांनाही एकच ओळ लिहिली होती, 'गिऱ्हाईक तयार आहे.'

"आबा, मेलो! दोन्ही मुलाकडचेच निघाले, दोघेही पंप विकायलाच आलेत!"

आबांनी किटली खाली ठेवली, टोपी नीट केली आणि ऐटीत मधल्या खुर्चीवर बसले.

"भिताय कशाला? नवरी हाय की, आमची इंदुरीची इहीर! सांगा त्यास्नी, औंदा पसंती पोरीची!"