चार आणि एक दहा!

हसा! हसा, लाजू नका, मीसुद्धा हसलोच होतो... चार आणि एक दहा! अहो, मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडण्यात माझी उमेद गेली, मिल बंद पडली तशी चाळीतल्या खाटेवर बसून पोरांना गणित शिकवलं, अर्धं लालबाग माझे धपाटे खाऊन वजाबाकी शिकलंय, त्यातला एक आता मोठा इंजिनियर आहे, रस्त्यात दिसलो की अजून पाठ सांभाळत नमस्कार करतो... आणि त्या मला, तुम्हाला सांगतो, माझ्याच घरात ऐकवतात, बाबा, तुम्हाला बेरीज येत नाही!

कोण ऐकवतं म्हणजे? सूनबाई! मेघना! तोंडावर नाही हं, संस्कार आहेत. राजेशला सांगते, म्हणजे माझ्या मुलाला, पण अशा आवाजात की गॅलरीत मला नीट ऐकू यावं. "राजेश, प्लीज, बाबांना सांग ना, नूपुरच्या अभ्यासात पडू नका." पडू नका! मी काय विहिरीत पडत होतो?

झालं काय, की आमची नूपुर, नात माझी, तिने कॉलेजात कॉम्प्युटर घेतलंय. बालवाडीपासून आमचा नेम, दिवेलागणीला गॅलरीत ती आणि मी, मध्ये शेंगदाण्यांची वाटी आणि एक गणित. बाकी दिवसभर मला या घरात विचारतं कोण? दूध तापलं का बघा, कुरियर आलं का बघा... माणूस म्हणून माझी वेळ तेवढीच. तर त्या दिवशी पोरगी आत तोंड धुवायला गेली आणि मी सहज वही उघडली. बघतो तर काय, चार आणि एक दहा! खाली, तीन आणि चार बारा! विसातून तीन गेले, किती? बारा! पानभर हेच! म्हटलं, पोरगी आजारी आहे की काय? काढलं लाल पेन. जिथे दहा तिथे पाच, बेरजेतल्या बाराचे सात, वजाबाकीतल्या बाराचे सतरा, सगळं पान सुधारलं आणि खाली झोकात लिहिलं, 'लक्ष कुठे असतं?' आणि सही! सहीशिवाय मला चैन पडत नाही, टाइम ऑफिसची सवय...

आणि तिने न बघता ती वही तशीच नेऊन दिली हो!

मॅडमनी वर्गात ते पान वर धरलं म्हणे. "हे कोणाचे उद्योग?" सगळा वर्ग खो खो. आणि नूपुर म्हणाली, "माझेच, मॅडम." माझं नाव नाही घेतलं पोरीने. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, हे फार लागलं मला. आमची ही, मीनाक्षी, तीही सोडते थोडीच, स्वयंपाकघरातून, "तुमका कोणी सांगितला होता लाल पेन घेऊक?"

झालं! दादरला क्लास लावला. वेळ कुठली? दिवेलागणीची! दुसरी वेळच नव्हती दादरमध्ये?

मी म्हटलं, ठीक आहे, शिकतो. रविवारी नूपुरला धरली. म्हटलं, समजाव. ती म्हणाली, "आजोबा, यात दहावर नाही, पाचावर मोजायचं. समजा माणसाला एकच हात आहे. बोटं पाच. पाच झाली की एक मूठ. मग लिहायचं एक मूठ आणि सुटी बोटं शून्य. एक-शून्य. त्याला दहा म्हणायचंच नाही." म्हटलं, आणि विसातून तीन? "दोन-शून्य म्हणा! दोन मुठी. त्यातली एक मूठ सोडा, पाच बोटं मिळाली, तीन गेली, राहिली दोन. एक मूठ, दोन बोटं." मी म्हटलं, उसना घेतला की दहा होतात. ती म्हणाली, "इथे पाचच होतात, आजोबा... लक्ष कुठे असतं?"

माझंच वाक्य! माझ्याच सुरात! धपाटा तेवढा नव्हता. खरं सांगू, बरं वाटलं. म्हटलं, मूठ लिहिता येते, सुटं बोट लिहिता येतं, मग पाच कसा लिहायचा? म्हणाली, "पाच हा आकडाच नसतो यात. शून्य ते चार, बस." अगं, पाचाच्या नावाने एवढा संसार आणि पाचालाच जागा नाही? "नाही, आजोबा." गोड हसली.

मग काय, आठवडाभर डाळ निवडता निवडता बोटं मोजतोय, देवासमोर मुठी सोडतोय. ही म्हणते, "ह्येंका काय झाला?" पण आलं हो! चार-चार आकडी वजाबाकी फडाफड! शनिवारी नूपुर क्लासला निघाली, चपला घालत होती, मी दारात उभा. म्हटलं, विचार! काहीही विचार! तर म्हणते, "आजोबा, ते झालं कधीच. आता पुढचं चालू आहे. उशीर होतोय मला." आणि लिफ्टचं दार बंद. वाटीत शेंगदाणे तसेच.

काल तिचा निकाल लागला. गणितात पैकीच्या पैकी! क्लासचे उपकार म्हणे. क्लासचे! पाढे कोणी घोकून घेतले, हातचा कोणी शिकवला? जाऊ दे... तर राजेश खुशीत, फोनवर हॉटेलात टेबल सांगत होता. तिकडून विचारलं असणार, किती माणसं? हा म्हणाला, "चार. आणि एक आमचे वडील आहेत... पण ते बाहेरचं खात नाहीत."

मी बाहेरचं खात नाही? कधी विचारलं होतं मला? गेले चौघे. मीनाक्षीसुद्धा गेली, नवी साडी नेसून, जाताना म्हणाली, भात झाकून ठेवलाय.

चार आणि एक! म्हटलं ना, आता मला येतं. चौघांत पाचवा मिळवला की चौघांची एक मूठ होते, आणि उरतं एक शून्य. ते बसलंय गॅलरीत, शेंगदाणे खात. दात नाहीत, पण करणार काय, नूपुरच्या वाटचेही संपवायचेत.