आबांनी हलवलेली बाटली

हसू नका, पण सात रस्ता चौकातल्या माझ्या घराच्या स्लॅबवर अजून बिअरचा डाग आहे. आमचा मित्र सचिन पुण्यातल्या कारखान्यात बिअर बनवतो. त्याच्या वडिलांना, म्हणजे सांगोल्याच्या आबांना, ही नोकरी कधीच पटली नाही. त्याची आई घरात बाटली शिरू देत नाही, म्हणून त्यानं आबांना माझ्याकडं आणून बसवलं.

"आबा, बेल्जियमच्या पद्धतीची स्ट्राँग बिअर हाय. आमी आन् दुसऱ्या एका कारखान्यानं मिळून केलीय."

"दोन कारखानं? आन् भांडला न्हाईत?"

"न्हाय की. निस्ता एक घोट घिऊन सांगा."

सचिन ग्लास आणायला आत गेला. आबांनी बाटली उजेडात धरली, तर तळाशी गाळ. जन्मभर मेंढरांना जंताचं औषध पाजलेला माणूस. गाळ दिसला की बाटली हलवायची, हे हाताला पाठ. मी "आबा, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी ती खळाखळा हलवून दातानं बूच काढलंसुद्धा.

अर्धी बिअर आबांच्या तोंडावर, अर्धी स्लॅबला. सचिन ग्लास घेऊन दारातच थिजला. आबांनी मिशीवरचा फेस चाटला. मग दुसऱ्या बाजूचाही चाटला.

"दुसरी हाय का रं?"

"हाय की, आबा."

"आन. ती न्हाय हलवत."