म्हाताऱ्यांचं बाळंतपण

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, मायमाउल्यांना माझा जय भीम आन् रामराम. सुमनवहिनी, तुमी पुढं बसलात. तुमच्याकडं बघून बोलणं मला जमणार न्हाई, म्हणून मी मागच्या भिंतीकडं बघून बोलतो. राग मानू नका.

मी गिरणीवाला माणूस. गिरणीच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाई, म्हणून मला वरडून बोलायची सवय. आज ठरवून आलतो की हळू बोलायचं. जेवढं निघंल तेवढं बोलतो, बाकीचं तुमी समजून घ्या.

काशीनाथदादा सोमवारी सकाळी गेले. हातात वहिनींनी दिलेली चहाची कपबशी व्हती. गाडी दारात येस्तोवर संपलं सारं. अख्ख्या गावाला दवाखान्याची वाट दाखवणारा माणूस, स्वतः मात्र दवाखान्याची पायरी न चढता गेला.

बाहेरगावची पाहुणे मंडळी आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. मी बाळू. उजवा हात मळणीयंत्रात गेला. कागदावर मी दिव्यांग, गावात थोटा बाळू. दोन्ही नावाला ओ देतो. एका हाताच्या माणसाला पोरगी कोण देतंय, म्हणून घरात मी आन् माझी आई, दोघंच. आई तिकडं बसलीय बघा, खांबाला टेकून. ती जी जिती बसलीय ना मंडळी, ती दादांची कमाई हाय.

दादा एसटीत कंडक्टर व्हते. उमापूर, चकलांबा, आष्टी, सगळ्या वाटा त्यांनी तिकिटं फाडत तुडवल्या. म्हातारं माणूस गाडीत चढून बसल्याशिवाय ह्यांनी कधी घंटी मारली न्हाई. ड्रायव्हर वरडायचा, टाइम झाला म्हणून. दादा म्हणायचे, टाइम डेपोचा हाय, गुडघे आजीचे हायत. रिटायर होऊन गावात आले तरी खोड गेली न्हाई. कोण म्हातारं मागं ऱ्हायलंय, तेच बघत फिरायचे.

तर आईचं सांगतो. आईला दम लागायचा. न्हाणीपस्तोर जायचं तरी भिंत धरायची. बीडला दाखवलं. डॉक्टर म्हणले, काळजाची झडप खराब झालीय, बदलावी लागंल, आन् लई दिवस थांबता यायचं न्हाई. खर्च ऐकला आन् आई उठून चालायलाच लागली. मला म्हणाली, "चल घरी. लई जगले मी."

दुसऱ्या दिवशी दादा ज्वारी दळायला आलते. माझं तोंड बघून त्यांनी गिरणी बंद करायला लावली. म्हणले, "कावून रडायलास? आक्का सत्तरीच्या पुढं हाय ना? मग तिला सरकारचं आयुष्मान कार्ड हाय. सत्तरीच्या पुढं गरीब बघत न्हाईत, श्रीमंत बघत न्हाईत. वरसाला पाच लाखापस्तोर."

मी म्हणलं, दादा, मग माझं बी बघा, मी तर अपंग. दादा म्हणले, "तुझं रेशनकार्डावर हाय बाळ्या, राज्याच्या योजनेत. नुस्ता हात नसला म्हणून निराळा इमा मिळत न्हाई. अपंगाचा निराळा इमा हाय, निरामय म्हणतात त्याला, पण तो गौतमच्या पोरीसारख्या लेकरांसाठी, ज्यांच्या बुद्धीला वाढ न्हाई." गौतम इथंच हाय. त्याच्या पोरीच्या इम्याच्या मागं बीडला किती खेटे घातले दादांनी, ते त्याला इचारा. आज त्या पोरीच्या रोजच्या औषधाचा बी खर्च त्यातून निघतो. मला तवा वाईट वाटलं, खोटं कावून बोलू. पण दादांनी कुणाला खोटी आशा लावली न्हाई. जे हाय ते हाय, जे न्हाई ते न्हाई.

आता कार्ड काढायचं म्हणजे काय, ग्रामपंचायतीत कॅम्प लागला व्हता. आईनं मशीनवर बोट ठेवलं. लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. दाही बोटं झाली. जन्मभर ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, राखेनं भांडी घासली, शेण थापलं. बोटं नदीतल्या गोट्यावानी गुळगुळीत झालेली. त्याच्यावर मशीनला काय दिसणार? डोळा लावला तर मोतीबिंदू. मोबाइलवर नंबर येतो म्हणले, तर आधारला नंबर येगळं ऱ्हाणाऱ्या थोरल्या भावाचा, आन् त्यानं ते सिम ऊसतोडीला गेल्यावर कारखान्यावर हरवलेलं. नंबर बदलायला जावं तर तिथं बी बोटच मागायलेत. चेहऱ्यावरून वळखायचं आमच्याकडं तवा सुरू नव्हतं.

आई म्हणाली, "कष्ट केले त्याची शिक्षा हाय व्हय ही?" तुमी काय उत्तर दिलं असतं तिला?

येताना वाटंत दादा एकाएकी मला म्हणले, "बाळ्या, रेशनच्या दुकानात तू कधी बघितलं का? वरीसभर ज्या बाईचा अंगठा लागत न्हाई, तिचा बाळंतपणानंतर पहिल्या झटक्यात लागतो." मी म्हणलं, दादा, तुमी असलं बघता? ते म्हणले, "रांगेत उभं ऱ्हायल्यावर दुसरं काय बघायचं? सव्वा महिना तिला कुणी काम सांगत न्हाई. हाताला पाणी न्हाई, राख न्हाई. कातडी नवी येती. आपल्या आक्काचं बाळंतपण करायचं."

मी हसलो. मला वाटलं चेष्टा हाय.

चेष्टा नव्हती मंडळी. दिवाळी झालेली, गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं उरलो आमी, म्हातारी, लेकरं आन् माझ्यासारखी थोटी. शेजारीपाजारी हाताशी बाई न्हाई. मी एका हातानं गिरणी चालवतो, पण खरकटं पातेलं एका हातानं घासून बघा एकदा. म्हैस पिळून बघा. तर दुसऱ्या दिवशी उजाडायला दादा दारात हजर. लेंगा गुडघ्यापस्तोर खवलेला. म्हणले, "आक्का, आजपासून भांडी माझी, शेण माझं, म्हैस माझी. तू फक्त हाताला तेल लावून बसायचं."

आमच्या म्हशीनं पहिल्याच दिवशी त्यांला लाथ मारली. दादा चरवीसकट उलटे. उठले, लेंग्याला हात पुसले आन् म्हशीला म्हणले, "बाई, सुट्टे पैसे न्हाईत म्हणून कुणी एवढं रागवत न्हाई."

आन् आई. आई काय गप बसणारी हाय? लई पाणी सांडतो म्हणायची. साबणाची वडी एका दिसात संपवली म्हणायची. तिसऱ्या दिवशी दादांनी तिला गोठ्यात पकडलं, शेणात हात घालायलती. दादा म्हणले, "आक्का, ओली बाळंतीण शेणात हात घालती व्हय?" आई म्हणाली, "मग बाळंतिणीचा डिंकाचा लाडू कुठं हाय माझा?" संध्याकाळी सुमनवहिनींनी डब्यात लाडू पाठवले. वहिनी, तुमचं बी ऋण हाय आमच्यावर. ते लाडू मीच जास्त खाल्ले, हे आज सांगून टाकतो.

गावात कुजबुज झाली. ती बी सांगितली पाहिजे, न्हाईतर मी अर्धंच बोललो असं व्हईल. एक तर गडीमाणूस भांडी घासायलाय. त्यात बौद्ध वस्तीतला माणूस आमच्या चुलीपाशी बसलाय. पारावरून एकानं आईला हटकलं. आई भिंत धरून उभी ऱ्हायली, दम खाल्ला आन् म्हणाली, "ज्याला इटाळ वाटतोय त्यानं उद्यापासून यावं, भांडी घासावीत. मी कंडक्टरला सुट्टी देते." कुणी आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दादाच आले.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा कॅम्प लागला. आईनं बोट ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. हिरवा दिवा लागल्यावर सेंटरवालाच टाळ्या वाजवायला लागला. आईनं बोट तोंडापाशी नेऊन बघितलं, जसं काय दुसऱ्या कुणाचं हाय. ऑपरेशन झालं. एक रुपया मागितला न्हाई कुणी. आज ती माझ्याच खर्चानं मला शिव्या देती, रोज, न चुकता. त्या शिव्या ऐकल्या की मला दादांची आठवण येती.

तिथून मग दादांचं हेच काम झालं. ज्या म्हातारीचं बोट लागंना तिच्या घरी दादा. वहिनी म्हणायच्या, "गावाची भांडी घासतो हा माणूस, माझ्या घरात आपलं ताट उचलत न्हाई." खरं का न्हाई वहिनी? बघा, हसल्या. लई बरं वाटलं मला.

आन् गेल्या साली काय झालं? पेन्शनीसाठी हयातीचा दाखला लागतो, तुमी जित्ते हायत म्हणून. दादांनी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. गावाची भांडी घासून घासून ह्यांचीच बोटं गेली. मला फोन करून म्हणले, "बाळ्या, सरकार म्हणतंय मी मेलो. तू येऊन बघून जा बरं." मग आईनं त्यांच्या दारात खुर्ची टाकली. सकाळी बसायची ती जेवणवेळेला उठायची. "कंडक्टर, हात मांडीवर." दादा लेकरावानी हात मांडीवर ठेवून बसलेले मी ह्या डोळ्यांनी बघितलेत. आठ-दहा दिवसांनी मशीनला पटलं की माणूस जित्ता हाय.

औंदा ते मशीन खरं बोलंल. तेवढं मात्र सोसवत न्हाई.

दादा, तुमचे उपकार मी फेडू शकत न्हाई, आन् फेडायचे बी न्हाईत मला. ते अंगावर असले की मला बरं वाटतं.

आता शेवटचं सांगतो आन् बसतो.

लक्ष्मीमावशी इथं आलेली न्हाई, तिला चालवत न्हाई. खुब्याचं ऑपरेशन करायचंय तिचं. आडदांड बाई, पण एकटी. तिचं बी बोट लागंना, चेहरा बी मशीन घेईना. येत्या गुरवारी पुन्हा कॅम्प हाय. रविवारपस्तोर तिची भांडी दादा घासायलते. सोमवारी दादा गेले. आपण सगळे मातीला गेलो, रडलो, मावशीचं कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. माझ्या बी न्हाई.

परवा सांजच्याला मला आठवलं. पळत गेलो. म्हणलं एका हातानं का व्हईना, काहीतरी करू. तर मावशी कॉटवर, हाताला तेल लावून बसलेली. भांडी घासून उपडी घातलेली. मी इचारलं, कोण आलतं? मावशी म्हणाली, "नाव सांगायचं न्हाई असं ठरलंय." मी एक पातेलं उचलून बघितलं. बूड काळंच. बाईमाणूस असं पातेलं सोडत न्हाई. म्हणजे कुणीतरी गडी हाय. सोमवारपसून रोज यायलाय, एवढं मावशीनं सांगितलं.

तो ह्या सभेत बसलाय. मला वाटतं मला ठाऊक हाय तो कोण. मी नाव घेणार न्हाई, त्याच्याकडं बघणार बी न्हाई. एवढंच सांगतो, भावा, गुरवारपस्तोर सोडू नको. बूड काळं ऱ्हायलं तरी चालतंय.

आता सगळे उठा. ज्याला उठवत न्हाई त्यानं बसूनच डोळे मिटा. दोन मिनिटं गप ऱ्हाऊ. काशीनाथदादा, तुमाला ह्या गावाचा जय भीम.