घटनेचं काम

भाचीला पाहायला वकील मुलगा येणार म्हणून सुलोचनाबाई देवळीच्या स्टँडवर काळा कोट शोधत होत्या. मागच्या बाकावर एक मामा-भाचे बोलत होते.

"धर्मेंद्र, तू पुण्याले करतं काय, नीट सांग बरं."

"मामाजी, दुकानाचं मोठं सॉफ्टवेअर असते. त्याले हात न लावता मी बाजूनं छोटे प्रोग्राम जोडतो. त्याले प्लगइन म्हनते. घटना घडली का थे आपोआप चालते."

"कोनती घटना?"

"कोनतीबी. बिल फाडलं, ही घटना. माल संपला, ही घटना."

"माल संपला तं दुकानदार बोंबलन. तुह्यं काय काम?"

"प्लगइन ऐकते ना! ऐकलं का माल मागवते."

"म्हंजे तू कान लावून बसतं?"

"मी नाई, प्लगइन!"

"मले नाई समजत बुवा. पोरीवाल्यायले मी फोनवर सांगून देल्लं, पोरगा घटनेचं काम करते."

"मंग?"

"लय खूश झाले. म्हने, घटनेचं म्हंजे हायकोर्टाचा वकील असन!"

"मामाजी! अन् तुमी काऊन हो म्हनलं?"

"मले वाटलं, असशीन."

"आता घ्याले कोन येनार हाय?"

"पोरीची आत्या. दिसून नाई राह्यली."

सुलोचनाबाई वळल्या.

"मीच थे आत्या. घटना तं घडली, पाहुने. आता तुमचं प्लगइन काय करते?"