वाघ पाणी पेऊन गेला

वाघ आला, वाघ आला, पाहा, विहिरीपाशी आला, असा मी थ्रेशरवर उभा राहून बोंबलून राह्यलो, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं सोयाबीन ढकलणं चालू, खाली मशीन असं धडधडून राह्यलं की माणसाले सोताच्या मनातलं आयकू येत नाई, अन् फोनवर तिकडून माही पोट्टी, तीन वर्साची मित्रा, मंग बाबा, मंग, मंग करून राह्यली. मंग काय माय, मंग वाघानं डरकाळी फोडली, त्याची शेपटी इथून मेडशीच्या फाट्यापावतर, अन् पळा रे पळा, तो इकडेच येऊन राह्यला, असं मी आणखी मोठ्यानं वरडलो. काहून वरडलो, तं मशीनच्या आवाजात हळू सांगतलेली गोठ तिले आयकू जात नाई. येच्यात माही चूक काय, तुमीच सांगा भाऊ. पण शेजारच्या वावरात बाया सोयाबीन सोंगून राह्यल्या होत्या. त्याइले फोन दिसला नाई, पोट्टी दिसली नाई, येवढंच दिसलं की मशीनवरचा माणूस उंचावर उभा हाय, त्याले दूरचं दिसते, अन् तो वाघ म्हणून राह्यला. विळे तथीच, डबे तथीच, चपला तथीच, अन् बाया अशा पळाल्या की बांधाच्या धुऱ्यावरच्या बोरीचे काटे लुगड्याइच्या वाऱ्यानं गळाले.

थांबा, असं मधातूनच सांगतलं तं तुमी म्हणसान हा कोन बयताड, मशीनवरून लेकराले गोठी सांगते. पयल्यापासून सांगतो. माहं नाव दशरथ, गाव अनसिंगच्या अलीकडे, बापाचं वावर येवढं मोठं की बैल फिरवला तं त्याचं तोंड आमच्या वावरात अन् शेपूट दुसऱ्याच्या. बाप लोकाइच्या खळ्यावर कामाले जाय अन् तथी गोठी सांगे. त्याच्या गोठीत एक माणूस तुरीच्या झाडावर चढला अन् वरून मंगरूळपीरचं बसस्टँड पाहून आला, कोनती गाडी लागली तेही सांगतलं त्यानं. लोक काम सोडून आयकत, मालक शिव्या दे, मंग मालकही बसे आयकत. तेच रक्त माह्यात. गावात मले गप्पाडे म्हणतात, आडनाव नाई ते माहं. पुस्तक म्हणसान तं घरात एकच, विहारातल्या वंदनेचं, भिंतीवरच्या फोटोखाली फळीवर ठेवलेलं, अन् हात धुतल्याबिगर त्याले हात लावाचा नाई हा माह्या मायचा कायदा. मी धंद्याले लागलो ट्रॅक्टरवर, मंग थ्रेशरवर, सोयाबीन निघालं की मालकाचं मशीन घेऊन गावोगाव, दसऱ्याच्या आसपास गेलो की दिवाळीच्या तोंडावर घरी, मधात कवा एखादी चक्कर. घरी येतो तवा नाकाकानातून येवढा भुसा निघते की एक म्हैस आठवडाभर जेवते.

बायको रंजना. मी जेवढा बोलतो तेवढी ते बोलत नाई, हिशेब बरोबर होते. पण बारकं झालं, पोरगं, अन् हिशेब बिघडला. काय सांगू तुमाले. बारकं दिवसभर रडे अन् सांजीले दम खाऊन पुन्हा रडे. रंजनाची झोप गेली, जेवण गेलं, हासणं तं असं गेलं की जसं कोनी उसनं नेलं. मित्रानं पाणी सांडलं की वरडे, नाई सांडलं तरी वरडे. मंग वरडली म्हणून सोताच रडे, तिले पाहून मित्रा रडे, मित्राले पाहून बारकं, अन् माही माय म्हणे काहून रडून राह्यले सबन, अन् तेही डोयाले पदर लावे. एक दिवस रंजनानं मित्रावर हात उगारला. मारलं नाई. पण तो हात वरच राह्यला, खालीच येईना, अन् ते आपल्याच हाताकडे अशी पाहे की जसा तो दुसऱ्या कोनाचा हाय. त्या दिवशी मी गोठ सांगतली नाई कोनाले.

मंग अंगणवाडीत मायबापाची बैठक झाली. ताईनं सांगतलं, रोज लेकराले मांडीवर घ्या, चित्राचं पुस्तक दाखवा, लेकराचं भलं होते अन् मायचंही डोकं ठिकाणावर येते. मी म्हनलं ताई, आमच्या घरी डोकं ठिकाणावर ओढून आणाले पुस्तक नाई, ढवळा बैल लागते. तरी तिनं एक पुस्तक देलं. घरी येऊन उघडलं तं काय, अक्षरच नाई. पानापानावर नुसती चित्रं, एक शेळी, एक विहीर, एक वाघ, एक पोरगी, पण एक काना नाई का मात्रा नाई. मी तसाच उलट्या पावलानं गेलो, म्हनलं ताई, याच्यात अक्षरं छापाची राह्यली, फसवलं तुमाले, बदलून आणा. ताई म्हणे दशरथभाऊ, ते असंच असते, चित्र वाचाचं. आता मले सांगा, चित्र कोनी वाचते का. वाचते म्हणे. बरं बाप्पा. अन् माह्या मायनं काय केलं असन. पुस्तक ते पुस्तक म्हणून तेही नेऊन ठेवलं फळीवर, वंदनेच्या पुस्तकाजोळ, पिशवीत गुंडाळून. लेकराचं पुस्तक, अन् लेकराले सांगे हात धू, कोपरापावतर धू.

पण ते हात धुणंच कामी आलं, हे मले मांगून समजलं. सांजीले रंजना मित्राचे हात धुवे, सोताचे धुवे, बारक्याले पदराखाली घे, अन् भिताडापाशी पुस्तक उघडून बसे. तेवढ्या वेळ मायही तिले कोनतं काम सांगत नसे, काहून की फळीवरचं पुस्तक खाली आलेलं हाय, मधात बोलाचं नाई. एक दिवस मी घरी आलो तं घर असं चूप की मले वाटलं सबन गावाले गेले. पाह्यलं तं रंजना पान उलटून राह्यली अन् म्हणून राह्यली, ही शेळी. ही विहीर. वाघ आला. वाघ पाणी पेला. वाघ गेला. झालं. मित्रा चूप, बारकं चूप, कुत्रं चूप.

आता भाऊ, तुमी काईही म्हणा, पण वाघ येते, पाणी पेते अन् जाते, याले काय गोठ म्हणाव. त्याच्यापेक्षा विजेचं बिल मजेदार असते. असा वाघ वाया जाताना माह्यानं पाह्यलं जाईना. मी पुस्तक हातात घेतलं, हात धुवून घेतलं बरं, अन् म्हनलं आता बाबाची आयक. माह्या गोठीत वाघाची शेपटी मेडशीच्या फाट्यापावतर गेली, त्याच्यावरून एस्टी गेली, कंडक्टरनं वाघाले तिकीट मांगतलं, शेळीनं अर्धं काढलं, वाघ म्हणे मी जेष्ठ नागरिक हाय. मित्रा हासता हासता मांडीवरून खाली पडली. मले कोन सांगते मंग गोठी कशा सांगाव.

झालं, तथून सुरू. दुसऱ्या दिवशी रंजनानं पुस्तक उघडलं, वाघ आला म्हटलं, तं पोट्टी म्हणे असं नाई. शेपटी सांग. रंजनानं शेपटी सांगतली, तं म्हणे अशी नाई, बाबासारखी सांग. कंडक्टर सांगतला, तं म्हणे कंडक्टरचा आवाज काढ. आता तिनं कंडक्टरचा आवाज कुठून काढाव, तिचा सोताचाच आवाज निघत नाई. पोट्टीनं आंग टाकलं जमिनीवर, बारकं जागं झालं, अन् पुन्हा रंजना वरडली. मी घरी होतो तोपावतर रोज मीच सांगे, अन् रोज तीच सांगा लागे, एक शब्द हालला तं असं नाई. मी म्हनलं माय, तू पोट्टी हाय का तहसीलदार. मंग मी गेलो मशीनवर, अन् मांगून रंजनाचे फोन यायले लागले. सांजीले सोयाबीनची गंजी अर्धी राह्यली की फोन. बोला तुमच्या पोरीसंग. बोला म्हणजे वाघ सांगा. मालक बाळूभाऊ खालून बोंबले, दशरथ, मशीन चालवतं का सर्कस. दोन्ही, भाऊ, म्हनलं, एकाच पगारात.

तं त्या दिवशी बाया पळाल्या. बाया पळाल्या म्हणून बैलगाडीवाला पळाला, तो पळाला म्हणून फाट्यावरची चहावाली पळाली, गॅसवर दूध तसंच. घडीभरात आर्धं गाव काठ्या घेऊन वावरात हजर, आर्धं म्हणजे कमी सांगून राह्यलो मी. कोनी डबा वाजवे, कोनी फटाके फोडे, अन् सबन मले इचारत, कुठी गेला, तुह्यासमोर गेला ना. आता काय सांगाव. पोट्टीले गोठ सांगून राह्यलो होतो म्हनलं तं त्याच काठ्या माह्या पाठीवर. मी हात लांबवला, कुठीतरी, तुरीकडे, अन् सबन तुरीत घुसले. मले तं सोतालेही वाटाले लागलं की शेपटी दिसली. बाळूभाऊनं मशीन बंद केलं. मशीन बंद झालं अन् वावर असं शांत झालं, अन् त्या शांततेत माह्या हातातल्या फोनमधून आवाज आला, बाबा, वाघानं तिकीट काढलं का.

सोनामाय म्हणून एक म्हातारी होती त्या बायाइत, तिच्या पायात काटा रुतलेला, ते धुऱ्यावर बसून काटा काढून राह्यली होती. तिनं माह्याकडे पाह्यलं, फोनकडे पाह्यलं, म्हणे, काढलं का रे तिकीट. मी म्हनलं आजी, पोट्टी हाय घरी, रडते. म्हणे पोट्टीची माय मेली का. नाई, हाय. मंग तिले काहून सांगता येत नाई. म्हनलं सांगते, पण पोट्टी आयकत नाई, माहीच पायजे म्हणते. म्हातारी हासली नाई. म्हणे, चांगलं हाय, गोठ तू सांगतं अन् रडणं ते सांभाळते. मंग तिनं मले अशा शिव्या देल्या की सोयाबीन आपोआप शेंगातून बाहेर आलं. बाळूभाऊ म्हणे उद्या ये, आज तोंड दाखवू नको.

मशीन तवा जोळच्याच गावात होतं, घरी गेलो. रंजनानं फोनवर सबन आयकलं होतं. मले वाटलं हासंल. ते म्हणे, तुमी मौज करून जाता, वाघ मांगं ठेवून जाता. म्हणे, दिवसात तेवढी एक येळ होती की मी वरडत नोहती. पोट्टी मले भेत नोहती तेवढ्या येळ. ते तुमी नेली. मी म्हनलं, पण माही गोठ चांगली हाय का नाई. म्हणे, चांगली हाय. मले नाई येत तेवढी चांगली. अन् बारक्याले झोका द्याले लागली.

मले राग आला, तिचा आला, ताईचा आला, ज्यानं अक्षरं छापली नाई त्याचा तं लयच आला, छापली असती तं जे लिहलं तेवढंच सांगतलं असतं का नाई मी. नसतं सांगतलं, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी सांजीले मशीनवरून घरी आलो. मायनं फळीवरून पुस्तक काढून देलं. रंजनानं पोट्टीचे हात धुतले. मी मित्राले म्हनलं, आज तुही माय सांगते, मी तुह्यासारखा आयकतो. रंजना म्हणे, वाघ आला. मित्रानं मान वळवून माह्याकडे पाह्यलं. बाबा, शेपटी? भाऊ, माह्या पोटात तवा एस्टी उभी होती, कंडक्टर घंटी वाजवून राह्यला होता, शेळी अर्ध्या तिकिटासाठी भांडून राह्यली होती, अन् सबन माह्या जिभेवर आलं. मी म्हनलं, नाई माय. मी फेकलं होतं. शेपटी चित्रात हाय तेवढीच. माह्या बापानं वरून आयकलं असतं तं त्यानं मले घरातून काढलं असतं. मित्रानं चित्रातल्या शेपटीवर बोट फिरवलं, शेवटापावतर नेलं, पुन्हा फिरवलं. लय येळ लागला तिले. मंग तोंड पाडून मायकडे वळली, म्हणे, मंग.

वाघ पाणी पेला, रंजना म्हणे.

आता हंगाम सरला, रोज असंच हाय. मित्रा मधामधात माह्याकडे पाहाते, मी छताकडे पाहातो, छतात पाहाण्यासारखं काई नाई. रविवारी मले एक गोठ सांगाची सूट हाय, बाहेर ओट्यावर, पुस्तकाबिगर, तथी मी वाघाले थेट विमानात बसवतो. सुखी राहो बिचारे, वाघही अन् ज्यानं चित्र काढलं तोही. पण त्या पयल्या दिवशी पुस्तक सरलं, माही माय ते पिशवीत गुंडाळून राह्यली होती, पोट्टी रंजनाच्या एका मांडीवर, बारकं दुसऱ्या मांडीवर, दोघंही झोपलेले, मले राहावलं नाई. मी रंजनाले इचारलं, काहो, वाघ आला अन् गेला, येवढ्याशा गोठीत तुमाले भेटलं तं काय भेटलं.

रंजना म्हणे, घडीभर भिताडाले पाठ टेकली.