सिंकच्या तुकड्यांचा ओटा

माझं माहेर पुसेगावचं. बाप लोकाच्या वावरात राबायचा, माय खुरपायला जायची, मी थोरली म्हणून चूल माझ्याकडं. लग्न होऊन साखऱ्याला आले, तिथं सासऱ्याची कोरडवाहू जमीन, तिच्यात चार भाऊ वाटेकरी, पाऊस झाला तर सोयाबीन न्हाई तर नुसती धसकटं. मग आमच्या मालकानं सगळं सोडलं अन् आमी कळमनुरीला आलो बांधकामावर. आधी हे गिलाव्यावाल्याच्या हाताखाली व्हते. मग बिहारकडचा एक उस्ताद आला फरशीच्या कामाला, त्याच्या मागं मागं राहून फरशी शिकले, ग्रॅनाइट शिकले, अन् सगळे मिस्त्री म्हणू लागले. मीबी मिस्त्रीच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायचं आमच्यात न्हाई, अन् अहो म्हणायची मला लाज वाटते, मिस्त्री बरं पडतं.

काय सांगू तुमाला दादा, त्या टायमाला गावात कुणाच्या घरात शहाबादीचा ओटा असला तरी बायका मिरवायच्या. मग कडप्पा आला. मग ज्याला त्याला ग्रॅनाइट पाहिजे. नोकरीवाल्याला पाहिजे, दुकानवाल्याला पाहिजे, ज्याच्या घरात सून येणार त्याला तर पाहिजेच पाहिजे. मिस्त्रीचा हात लई साफ व्हता, सांध्यातून नख जात नव्हतं. संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, आज कुणाचा ओटा केला, ते म्हणायचे, अमक्याचा, काळा हाय, तोंड दिसतं त्याच्यात. मी म्हणायची, दिसू द्या, बाई तोंड पाहील का भाकर थापील. हसायचे. तवा हसायला दम लागत नव्हता.

आता तुमाला एक गोष्ट समजून घ्यावी लागंल, न्हाई तर पुढचं समजायचं न्हाई. ग्रॅनाइट कापताना मशीनच्या पात्यावर पाणी सोडत राहावं लागतं. पाणी असलं की धूळ उडत न्हाई, तिचा चिखल होतो अन् खाली बसतो. हे उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं व्हतं. पण पाणी देतं कोण? उन्हाळ्यात टँकरचं पाणी, ड्रम भरून झाकून ठेवलेलं, त्याच्यातून प्यायचं, त्याच्यातूनच आंघोळ. मशीनसाठी पाणी मागितलं की घरची बाई म्हणायची, भाऊ, लेकराला प्यायला न्हाई अन् तुमच्या दगडाला कुठून देऊ. अन् पावसाळ्यात पाणी असायचं तर म्हणायची, नवीन रंग दिलाय, चिखल करून राहिले का घरात. मी त्या बायांना वाईट म्हणत न्हाई. चहा द्यायच्या, पोह्यांची प्लेट द्यायच्या. पाणी तेवढं देत नव्हत्या. मग मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून कोरडंच कापायचे. रुमालाच्या वरचं सगळं पांढरं, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. शीतल, म्हणजे माझी पोरगी, ल्हान असताना बापाला वळखायची न्हाई, रडायची.

अन् ज्याच्या हाताखाली काम चालायचं तो ठेकेदार काय करायचा? ठेकेदार गूळ द्यायचा. आमच्या मिस्त्री लोकात असं व्हतं की काम झाल्यावर गुळाचा खडा खाल्ला की धूळ गळ्यातून खाली उतरती अन् पोटावाटे निघून जाती. सगळे मानायचे. मीबी मानायची, मी तर डब्यात गूळ बांधून द्यायची, राहून राहून विचारायची, खाल्ला का. आता डाक्तर म्हणतेत की पोटाचा रस्ता वेगळा अन् छातीचा वेगळा. गूळ पोटात गेला, धूळ छातीतच राहिली. तोंडाला धुळीची जाळी द्यायला पाहिजे व्हती त्यानं, पाण्याची टाकी द्यायला पाहिजे व्हती, अन् गुळाच्या ढेपेवर काम भागवलं. आमी त्याला भला माणूस म्हणायचो, गूळ देतो म्हणून. हे कुणाला सांगावं?

खोकला आधी सकाळी सकाळी यायचा, मग दिवसभर. इथल्या दवाखान्यात टीबी म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, खोकला हाय तिथंच. मग नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं छातीचा फोटो काढला, तिथली डाक्तरीणबाई तरणी पोरगी व्हती, तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, मावशी, ह्यांच्या छातीत दगडाची धूळ बसली, ती कोणत्याच औषधानं निघत न्हाई. जेवढं फुफ्फुस राहिलं तेवढं जपा. आता धुळीच्या जवळबी जाऊ देऊ नका, थोडी गेली तरी ह्यांना लई झाली. मी म्हणलं, बाई, बरे व्हतील ना? तिनं फोटो पाकिटात घालून माझ्या हातात दिला. मी समजले.

ठेकेदाराकडं गेले. तो म्हणाला, वैनी, मिस्त्री काय माझ्या एकट्याकडं व्हते का, आज माझ्याकडं, उद्या दुसऱ्याकडं, कुणाच्या कामावरची धूळ बसली ते कसं कळावं. बराबर बोलला की न्हाई? धुळीवर कुणाचं नाव नसतं. सगळ्यांची घरं झाली, सगळ्यांचे ओटे झाले, अन् छाती तेवढी आमच्या एकट्याची.

मी आता दोन घरी स्वयंपाकाला जाते. दोन्ही घरचे ओटे मिस्त्रीनंच बसवलेले. पुसते तवा हात त्यायच्या सांध्यांवरून फिरतो.

आमच्या घरी शहाबादीच व्हती, कुणीतरी काढून टाकलेली, मिस्त्रीनं आणून बसवली व्हती. ती मधोमध तडकली, गॅसखाली खचली. शेगडी वाकडी, पातेलं वाकडं, एक दिवस उकळती डाळ माझ्या पायावर आली. शेजारीण म्हणाली, बाई, मोबाइलवर चिकटवायचा कागद मिळतो संगमरवरासारखा, तो लाव, स्वस्तात काम. तिनं लावलाय. गरम तवा ठेवला की त्या कागदाला फोड येतात, कोपरे सुटलेत, झुरळं आत संसार करून राहिलेत. मी म्हणलं, नको बाई, खालून खचलंय, वरून कागद लावून काय उपयोग. नवा दगड घ्यायची तर आमची ऐपतच न्हाई. मी खाली वीट लावून शेगडी सारखी केली अन् चालवत व्हते.

पण शीतलचं पहिलं बाळंतपण आलं. वसमतला दिली तिला. सासरी ग्रॅनाइट हाय. ती बिचारी काही बोलली न्हाई, मिस्त्रीच्याच मनानं घेतलं. म्हणाले, गावभर ओटे केले अन् माझी पोरगी तडकलेल्या शहाबादीवर बाळाचं पाणी तापवील का. मी म्हणलं, तापवील, तिच्या मायनं तापवलं. ते म्हणाले, तुकडे हायेत की आपल्याकडं.

तुकडे व्हते, खरं हाय. आमच्याकडं रीतच हाय, ओट्यात सिंकचं भोक पाडलं की निघालेला तुकडा मिस्त्रीचा. घरमालक मागत न्हाई, मिस्त्री विचारत न्हाई. तसले तुकडे न्हाणीच्या मागं उभे करून ठेवले व्हते, काळे, लाल, हिरवट, ठिपक्यांचे. जुनी फरशी काढायची न्हाई, खाली टेकू द्यायचा अन् वरूनच तुकडे बसवायचे, खर्च सिमेंटचा तेवढा. पण प्रत्येकाची कड तिरकी, कापल्याबिगर बसणार न्हाईत. मी म्हणलं, कापणार कोण? तुमी न्हाई. तुमी मशीनला हात लावला तर मी घर सोडून जाईन. ते म्हणाले, कुठं जाशील, पुसेगावला भाऊ भाकर देईल का? मी म्हणलं, न्हाई दिली तर न्हाई, पण तुमचा जीव जाताना पाहायला मी इथं राहायची न्हाई. असं भांडण.

मुनीर म्हणून यांचा जुना जोडीदार हाय, त्याला सांगितलं. तो म्हणाला, भाभी, इतवार को आता हूँ. इतवार आला, मुनीरभाई न्हाई आले. पुढचा इतवार आला. लोकांच्या वास्तुशांत्या जवळ आलेल्या, त्याला सवडच न्हाई. इकडं पोरीचे दिवस भरत आले, ती येऊन टेकली, खाली बसून उठता येईना तिला.

मग एक दिवस सकाळी मिस्त्री म्हणाले, तू पाणी सोड, मी कापतो. पाणी असलं तर धूळ कुठं उडती? धूळच न्हाई तर डाक्तरीणबाई काय म्हणील? मी म्हणलं, अंगणात कापा, घरात न्हाई. अन् पाणी मीच सोडणार. बाटलीच्या बुचाला भोकं पाडली, शीतलला आत बसवून दार लावलं, अन् मी पात्यावर धार धरली. वायर ओली होऊ देऊ नको म्हणाले, तेवढंच बोलले. दगड लोण्यावाणी कापला. करडा चिखल खाली वाहून चालला, हवेत काहीच न्हाई, एवढंसंबी न्हाई. पहिला तुकडा झाला, मिस्त्रीनं मशीन बंद केलं, चिखलाकडं पाहत राहिले. म्हणाले, इतकंच व्हतं बघ. एवढ्या वर्सात कुणी अशी धार धरली असती तर. अन् दुसरा तुकडा मशीनखाली घेतला.

तुकडे होत गेले तसे मिस्त्री आत नेऊन मांडून पाहायचे, म्हणायचे, हा सोनाराच्या घरचा, हा मास्तरचा, ही बाई चांगली व्हती, धिरडं द्यायची. शीतल ते पाहून म्हणाली, बाबा, ओटा हाय का गोधडी? ते म्हणाले, गोधडीच बाई, बाळाला उब लागंल.

दोन तुकडे राहिले अन् पाणी संपलं. नळाला आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतं, ते येऊन गेलेलं. मी म्हणलं, थांबा, हापशावरून आणते, दोन घागरी आणते, हात लावू नका. ते बसले, व्हय म्हणाले. हापशावर बायांची रांग. मी म्हणलं, बायांनो, मला आधी भरू द्या, घरी काम चालू हाय. एक म्हणाली, आमच्या घरी काय तमाशा चालू हाय का? तेवढ्यात मला मशीन ऐकू आलं. दादा, ओल्या दगडात मशीन गुरगुरतं अन् कोरड्यात किंचाळतं. ते किंचाळत व्हतं. घागर तिथंच टाकली अन् मी पळाले.

अंगण पांढरं. लिंबाचा पाला पांढरा. त्याच्यात मिस्त्री, रुमालबी न्हाई तोंडाला. मी वायर उपसली. म्हणलं, काहून केलं, काहून केलं असं? ते म्हणाले, लाइटची लाइन जायची व्हती. दुपारची लाइन गेली की सांजलाच येती, सिमेंट कालवून ठेवलेलं, ते वाळून गेलं असतं. म्हणाले, दोनच तर कापे व्हते.

त्यायचं सगळं आयुष्य असंच गेलं. पाणी न्हाई, लाइन जाणार, सिमेंट वाळणार, मालक ओरडणार. आता तर मालकबी नव्हता ओरडायला. तरी सवय सुटली न्हाई. मी कुणावर चिडू? त्यायच्यावर? हापशावरच्या बायांवर? ज्याला लाज वाटाय पाहिजे तो तर गूळ वाटून मोकळा झाला.

ओटा त्याच दिवशी झाला. चार रोजानं मुनीरभाई आला, सांधे भरून दिले. चहाला बसले दोघं, अन् दोघं खोकू लागले, कुणाचा कोणता खोकला वळखू येईना. मी म्हणलं, भाईसाब, पाणी मागून घेत जा, पाण्याबिगर हात लावू नका दगडाला. तो म्हणाला, भाभी, पानी माँगा तो दूसरे को बुला लेते हैं. त्याचं खोटं काय हाय? तुमी पुस्तकं वाचता, तुमी सांगा, सगळ्यांनी मिळून एकदाच न्हाई म्हणलं असतं तर? पण मिळून कोण म्हणतं. ज्याच्या घरी आज पीठ न्हाई तो कापतो.

शीतलला मुलगी झाली. चांगली हाय, गोरीपान, बापावर गेली. पण मिस्त्रीचा दम त्या दिवसापासून जो वाढला तो काही उतरला न्हाई. आता आडवं पडता येत न्हाई. झोपले की गुदमरतात. पुढं वाकून, कोपरं टेकून बसलं तरच हवा आत जाती. उशीवर टेकून पाहिलं, पेटीवर टेकून पाहिलं, काही जमत न्हाई, उंची बराबर येत न्हाई. ओट्याची बराबर येती. स्टुलावर बसतात, दोन्ही हात ओट्यावर, डोकं हातावर. गार लागतो म्हणतेत दगड. दिवसाचा बराच येळ तिथंच. डाक्तरीणबाईला विचारलं, ती म्हणाली, मावशी, बसू द्या, जसं बरं वाटतं तसं बसू द्या.

मग शेगडी मी खाली घेतली. भिताडाजवळ, हे इथं. गुडघे दुखतात, पण उठा म्हणायला तोंड व्हत न्हाई. ओटा बाळाचं पाणी तापवायला केला व्हता, एकदाबी तापलं न्हाई त्याच्यावर. लोक म्हणतात, छान झालाय ओटा, रंगीबेरंगी. मी म्हणते, व्हय.

लिवलं का सगळं? लिवा. ज्यायच्या घरी ग्रॅनाइट हाय त्यायनी वाचावं, दुसरं काही मागत न्हाई. अन् तुमी आता जेवून जा, भाकर झाली, पिठलं हाय. इथं खालीच बसा माझ्यापाशी. त्यायच्याशी बोलू नका बरं, चांगलं माणूस हाय, उत्तर द्यायला जातंय अन् दम लागतो.